पदवी आणि रुमाल

इ.स. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जयिनीहून आपला मुक्काम हलवून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, आणि तंबूंच्या जागी हळूहळू वाडे, वाड्यांच्या भोवती पेठा व पेठांच्या मध्यभागी बाडा उभा राहून त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले, ही हकीकत येथल्या मराठी घरांतील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या तळाबरोबर नर्मदेपलीकडून जी माणसे आली त्यांत शिलेदारांच्या बरोबरीने कारकूनही होते, आणि तलवारी गंजून गेल्यावरही त्या कारकुनांचे कागद मागे उरले, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानात राहते.

या शहराला विद्यापीठ मिळाले ते पुष्कळ उशिरा. 1846 साली येथे जो लष्कर मदरसा निघाला त्याचेच पुढे व्हिक्टोरिया कॉलेज झाले, त्याच्या देखण्या इमारतीचे उद्घाटन 1899 साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते झाले, आणि 1957 साली, सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षे पुरी होत असता, ज्या राणीच्या नावे ते चालत आले होते तिचे नाव उतरवून, तिच्याच फौजेशी लढता लढता जिने ग्वाल्हेरच्या मातीत देह ठेवला त्या महाराणी लक्ष्मीबाईचे नाव त्याला देण्यात आले. एखाद्या इमारतीच्या पाटीवर इतिहासाने इतका चोख न्याय केल्याची उदाहरणे फार नसतील. परीक्षा मात्र परगावच्या विद्यापीठांच्या, आधी आग्र्याच्या आणि नंतर उज्जैनच्या. जिवाजीराव शिंदे 1961 साली निवर्तले. त्यांच्या नावाचे जिवाजी विद्यापीठ 23 मे 1964 रोजी अस्तित्वात आले, आणि त्याच वर्षीच्या 11 डिसेंबरला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी त्याची कोनशिला बसवली. म्हणजे परीक्षा देण्यासाठी परक्या विद्यापीठाच्या तोंडाकडे पाहण्याची लष्करवासीयांची पाळी संपून आता साठ वर्षे होऊन गेली आहेत.

या साठ वर्षांत इतिहासाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माणसांचे आणि इतिहास शिकवणाऱ्या विभागाचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नावर 'चिटनीस की गोठ' या मोहल्ल्यातील एका जुन्या वाड्याच्या पडवीत दोन व्यक्तींचा जो वाद झाला तो मी ऐकला, आणि तो येथे नोंदवून ठेवावा असे वाटले. दोघेही इतिहासाचे एम.ए. एक गृहस्थ ऐंशीच्या घरातले. पूर्वज फडणिशीत, स्वतःची सारी नोकरी सरकारी अभिलेखांच्या राखणीत गेलेली. मोहल्ल्यात त्यांना दप्तरदार याच नावाने ओळखतात, तेव्हा मीही तेच नाव वापरतो. दुसरी त्यांच्याहून निदान तीस वर्षांनी लहान, शहरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवणारी प्राध्यापिका. लहानपणापासून या वाड्यात येणारी, म्हणून त्यांना 'काका' म्हणणारी आणि त्यांच्याकडून 'अगं' ऐकून घेणारी.

निमित्त एका छापील कागदाचे होते. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे सारे जिला 'नॅक' म्हणतात ती संस्था, उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करताना माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचाही हिशेब धरू लागली. तेव्हापासून देशभर माजी विद्यार्थी संघांना एकाएकी पालवी फुटली आहे. अशाच एका संघाच्या सभासदत्वाचा अर्ज प्राध्यापिकेने आणला होता. कोणत्या संस्थेचा, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. असे अर्ज आता सगळीकडे एकाच नमुन्याचे असतात.

दप्तरदारांनी चष्मा कपाळावर चढवून तो अर्ज दोनदा वाचला, पानाच्या डब्याखाली दाबून ठेवला आणि म्हणाले, "यात नाव आहे, पत्ता आहे, हुद्दा आहे, आणि संस्थेस आपण काय देऊ इच्छिता असाही रकाना आहे. संस्थेने मला काय दिले याचा रकाना कोठे दिसत नाही."

"तो तुम्हीच घालायचा, काका," ती म्हणाली. "एम.ए. झाल्यावर तुम्हांला अभिलेखांत जागा मिळाली ती पदवीच्याच बळावर की नाही?"

"जागा पदवीच्या बळावर मिळाली, हे खरे. पण त्या जागेवर बसून जे वाचावे लागले ते पदवीत नव्हते. मोडी मला आजोबांनी शिकवली, फारसी दाखल्यांपुरती एका वृद्ध मुन्शींनी शिकवली, आणि परीक्षेत मी लिहिले ते फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर. अगं, शिंद्यांच्या राजधानीत बसून मला महादजींच्या एका पत्राचीही ओळख कोणी करून दिली नाही. आता मला सांग, या घराण्याचा इतिहास लिहिला कोणी? विष्णु रघुनाथ नातूंनी महादजींचे चरित्र लिहिले तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणता विभाग उभा होता? कोट्याला शिंद्यांचे काम पाहणारे गुळगुळे, त्यांच्या घरचे दप्तर 'शिंदेशाही इतिहासाची साधने' म्हणून 1929 पासून ग्वाल्हेरीत छापून निघू लागले ते आनंदराव भाऊ फाळक्यांमुळे. फाळके सरदार होते, प्राध्यापक नव्हते. सरदेसायांनी 1937 साली महादजींची कागदपत्रे संपादून दिली. ते बडोद्याच्या चाकरीतून निवृत्त होऊन कामशेतला बसलेले. पवायाची प्राचीन पद्मावती उकरली, गूजरी महालात मूर्तींचे संग्रहालय मांडले ते गर्द्यांनी, संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे अधिकारी म्हणून. ही सगळी माणसे विभागाबाहेरची. विभागाने काय केले? पदव्या दिल्या. त्या मी भिंतीला लावलेल्या तुला दिसतात का?"

भिंतीला खरोखरच काही नव्हते. गणपतीची एक तसबीर आणि जुन्या दरबाराचे एक फिकट छायाचित्र, इतकेच.

प्राध्यापिका चटकन उत्तर देणाऱ्यांपैकी नाही. तिने चहाची कपबशी बाजूला सारली आणि मग बोलू लागली. "तुम्ही नावे बरोबर घेतलीत, पण निवडून घेतलीत. यदुनाथ सरकार राहिलेच. ते इतिहासाचे प्राध्यापक, पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू. पुणे दरबारच्या इंग्रज रेसिडेंटांच्या पत्रव्यवहाराचा महादजींविषयीचा पहिला खंड 1936 साली त्यांनीच संपादला, आणि शिंद्यांच्या दिल्लीतील कारभाराची फारसी अखबारपत्रे इंग्रजीत आणली तीही त्यांनीच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सीतामऊच्या रघुबीरसिंहांनी माळव्याच्या संक्रमणकाळावर प्रबंध लिहिला, त्याला डी.लिट. दिली ती आग्रा विद्यापीठाने, म्हणजे ज्याच्या परीक्षा आपल्या व्हिक्टोरिया कॉलेजची मुले देत होती त्याच विद्यापीठाने. राजपुत्राला पदवीची गरज काय होती? पण ती त्यांनी घेतली, आणि पुढे 1974 साली सीतामऊला नटनागर शोध संस्थान काढून तुमच्या त्या गुळगुळे दप्तराच्या नकलाही तेथे आणून ठेवल्या. ही विद्यापीठाची आणि पदवीधराची सांगड नव्हे तर काय?"

"एक रघुबीरसिंह."

"एक फाळके, एक गर्दे, एक सरदेसाई, हेही एकेकच झाले, काका. आणि ते कोणाच्या जिवावर झाले हेही तुम्ही सांगितले नाहीत. गर्द्यांना पगार दरबार देत होता, फाळक्यांचे खंड छापायला दरबारचा आश्रय होता, सरदेसायांना कागद उघडून दाखवायला दरबारची परवानगी लागली. 28 मे 1948 रोजी मध्य भारत झाला आणि दरबार संपला. त्यानंतर हा वारसा सांभाळायची जबाबदारी कोणाच्या तरी पदरात पडायचीच होती. ती विद्यापीठाच्या पदरात पडली. त्याने ती नीट सांभाळली की नाही, यावर तुम्ही हवे तितके बोला. पण विद्यापीठाला सोडचिठ्ठी देऊन तुम्ही जाणार कोणाकडे?"

येथे मला वाटते दप्तरदारांचा पहिला मोर्चा मोडला होता. पण ते तसे कबूल करणाऱ्या पिढीतले नव्हेत. त्यांनी मोर्चा बदलला.

"विद्यापीठात जाऊन पाटी वाचली आहेस ना? 'प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व अध्ययनशाळा.' प्राचीन. ज्या शहराचे वय दोनशे वर्षे, त्या शहराच्या विद्यापीठातला हा विभाग आमच्या कागदांच्या जन्माआधीच संपतो."

"शहराचे वय दोनशे, पण किल्ल्याचे?" ती म्हणाली. "मिहिरकुलाच्या पंधराव्या राज्यवर्षीचा सूर्यमंदिराचा लेख याच डोंगरावरचा. चतुर्भुज मंदिरातल्या 876 सालच्या लेखात शून्य कोरलेले आहे, ते पाहायला लांबलांबचे गणिती येतात. 1093 चे सास-बहू मंदिर आहे, तेली का मंदिर आहे. या मुलखात प्राचीन इतिहासाचा विभाग असणे हे वावगे कसे? आणि त्या विभागाने नुसत्या पदव्या दिल्या असे म्हणणे तर अन्यायाचे आहे. गर्द्यांच्या पवायाचा मणिभद्र यक्ष गूजरी महालात उभा आहे. यक्षपूजेवर आणि यक्षमूर्तींवर ज्यांचा ग्रंथ देशभर प्रमाण मानतात ते रामनाथ मिश्र याच अध्ययनशाळेत शिकवत होते. संस्थानच्या खात्याने जे मांडले त्यावर विद्यापीठाने पुढे विचार केला, हा क्रम तुम्हांला दिसत नाही?"

"दिसतो. म्हणूनच विचारतो की यक्षाच्या वाट्याला जे आले ते महादजींच्या वाट्याला का आले नाही."

हा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि त्याचे उत्तर एका विभागाच्या पाटीत नाही. दगड उघड्यावर असतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. कागद घराच्या आत असतो. शिवाय कागदाची भाषा आणि लिपी यांच्याशी गेल्या शतकात असा दुरावा पडला आहे की ज्याने तो लिहिला त्याच्या वंशजालाही तो चिनी वाटावा. प्राध्यापिकेने हे मान्य केले, पण त्यातून तिने काढलेला निष्कर्ष दप्तरदारांना रुचला नाही.

"आता पुष्कळ बदलले आहे," ती सांगू लागली. "मध्य प्रदेशाने नवे शैक्षणिक धोरण 2021 पासूनच लागू केले. पदवीच्या मुलालाही आता प्रकल्प करावा लागतो, कोठेतरी प्रशिक्षणार्थी म्हणून काम करावे लागते. आमची मुले प्रकल्पाला विषय काय घेतात? 'ग्वाल्हेर किल्ल्याचे पर्यटनदृष्ट्या महत्त्व.' सगळी एकच, कारण दुसरे काही त्यांच्या हाताशी नसते. त्यांच्या हाती जुन्या कागदांचा एकेक रुमाल द्या ना. वर्षभरात एका मुलाने वीस कागदांची नक्कल केली, यादी केली, तरी दहा वर्षांनी काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा. तुम्ही फडणिसांच्या घरचे. पीएच.डी.चे प्रबंधही पूर्वीसारखे विभागाच्या कपाटात कुजत नाहीत, ते आता शोधगंगेच्या संकेतस्थळावर चढवावे लागतात, सातासमुद्रापलीकडचा माणूसही ते वाचू शकतो. आणि रुमाल कोणाकडे आहेत? आमच्याच पदवीधरांच्या घरी. कोणी फाळका बाजारात, कोणी जनकगंजात, कोणी बंगळुरूला नोकरी करतो आणि ट्रंक इथे माळ्यावर आहे. माजी विद्यार्थ्याने विभागाला एक खुर्ची किंवा पंखा भेट द्यावा, यापेक्षा माळ्यावरची ट्रंक उघडून द्यावी, असे मला वाटते. त्या अर्जात तो रकाना मी घालून घेईन."

दप्तरदार उठले. आतल्या खोलीतून त्यांनी लाल खारव्याचा एक रुमाल आणला, पडवीच्या तक्तपोशीवर ठेवला, गाठ सोडली आणि चार पदर चहूकडे पसरले. आत पुडक्यांत बांधलेले लांबट कागद होते, मध्येच एखादा कुरतडलेला, एखाद्यावर पाण्याचा तपकिरी नकाशा उमटलेला. त्यांतला एक त्यांनी काढला. पागेतील घोड्यांच्या चंदी-वैरणीच्या हिशेबाचा तो कागद होता. विषय अगदी सामान्य. पण तो हातात घेतल्यावर त्यांचा आवाज बदलला. कागदाच्या रुंदीभर आधी एक सलग रेघ ओढलेली, आणि मग बोरू होता होईतो न उचलता त्या रेघेला अक्षरे टांगत नेलेली. शब्द कोठे संपतो आणि पुढचा कोठे सुरू होतो याची खूण नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा मुलाहिजा नाही, विरामचिन्ह औषधालाही नाही. शाई मात्र अजून काळीभोर, आणि एका कोपऱ्यात ती टिपायला टाकलेल्या वाळूचे कण दोनशे वर्षांनंतरही बोटाला लागतात.

"वाच," ते म्हणाले.

प्राध्यापिकेने मोडीचे एक शिबिर केले आहे. तिने अडखळत दोन ओळी वाचल्या आणि तारखेशी थांबली.

"इथेच सगळे थांबतात," दप्तरदार म्हणाले. "वर मुसलमानी महिन्याचा चंद्र, खाली अरबी शब्दांत सन. समज, एखाद्या कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' आहे. एक, साठ, शंभर, हजार, झाले 1161. त्यात 599 मिळव, 1760. आणि हे वर्ष मृगाला बदलते, म्हणून तो कागद 1760 च्या जूनपासून 1761 च्या जूनपर्यंत केव्हाचाही. म्हणजे पानिपताच्या आधीचा की नंतरचा, हे महिना पाहिल्याशिवाय कळत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो 1161 हा हिजरी सन समजेल आणि पानिपताच्या साली लिहिलेले पत्र 1748 सालचे म्हणून प्रबंधात घालील. तुझे ते विद्यार्थी मोबाईलने या कागदाचा फोटो काढतील, संगणकात ठेवतील, त्याला एक क्रमांक देतील, आणि विभागाच्या अहवालात लिहितील की इतक्या हजार कागदांचे जतन झाले. वाचले किती? शून्य, चतुर्भुज मंदिरातले. आधी वाचणारे तयार करा, मग कागद मागा. माणसे नसताना कागद जमवले की त्याचे गोदाम होते. मी गोदामात नोकरी केली आहे."

आणि मग त्यांनी त्या गोदामाची हकीकत सांगितली. कोठल्या कार्यालयाची, हे मी लिहीत नाही. तशी कार्यालये अनेक आहेत. कोणा घराण्याने विश्वासाने आणून दिलेले रुमाल पोचपावती देऊन ठेवून घेतले गेले, इमारतीची डागडुजी निघाली तेव्हा ते जिन्याखाली गेले, जिन्याखाली पावसाळा गेला, आणि देणाऱ्याचा मुलगा काही वर्षांनी नक्कल मागायला आला तेव्हा त्याच्यासमोर जो ढीग आणून ठेवला गेला तो हात लावताच पिठासारखा गळाला. वाळवीने रुमालाचे कापड तेवढे शिल्लक ठेवले होते. पोचपावती मात्र शाबूत होती. "त्या दिवसापासून," दप्तरदार म्हणाले, "मी कोणाला कागद द्या म्हणून सांगत नाही."

"पण काका, त्या पोराच्या हाती त्या कागदांचे फोटो असते तर?"

ते बोलले नाहीत.

"तुम्ही म्हणता आधी वाचणारे, मग कागद. वाचणारा तयार व्हायला पाच वर्षे लागतात; वाडा पाडायला किती दिवस लागतात? आपल्या समोरचा वाडा गेल्या दिवाळीला उभा होता. मागच्या गल्लीतल्या माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरचे कागद रद्दीवाल्याने किलोवर नेले, ती पुण्याला होती, भावाने वाडा बिल्डरला दिला. ती इतिहासाची एम.ए., बरे का. तिला ठाऊक होते, पण तिला विचारायला कोणी नव्हते, आणि सांगायचे कोणाला हेही तिला ठाऊक नव्हते. आमचा विभाग तिला मेळाव्याचे निमंत्रण दर वर्षी पाठवतो."

येथे एक गोष्ट माझ्या पदरची सांगितली पाहिजे, कारण दोघांनीही तिला हात लावला नाही. लष्करातील सरदार-मुत्सद्द्यांच्या घरांनी हे कागद दीडशे वर्षे जिवापाड जपले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. सनद, इनामपत्र, वतनाचा निवाडा हे उत्पन्नाचे दाखले होते. ते गेले की जमीन गेली. 1951 साली मध्य भारताने जहागिरी खालसा करण्याचा कायदा केला, आणि ज्या कागदावर कालपर्यंत घर उभे होते तो एका दिवसात निरुपयोगी ठरला. काही घरांनी तेव्हाच तो चुलीत घातला. काहींनी उलट, एखादा दावा निघेल, भाऊबंद हिस्सा मागतील, या धास्तीने तो अधिकच खोल दडवला. दुसऱ्या वर्गातल्या घरांकडे आज रुमाल आहेत आणि धास्तीही शिल्लक आहे, जरी दावा लावणारे आणि ज्यांच्यावर तो लागावा ते सारे परलोकवासी झाले असले तरी. इतिहासाच्या विभागाने जर आपल्या पदवीधरांशी खरे नाते जोडायचे असेल तर त्याला आधी हा संकोच घालवावा लागेल, आणि तो चहा-फराळाच्या मेळाव्याने जाणार नाही. कोणी तरी घरी जाऊन, कागद घरातून न हलवता, त्याचा गोषवारा करून देऊन, मालकाला सांगावे लागेल की या कागदात तुमच्या भावकीचा तंटा नसून पागेच्या घोड्यांची वैरण आहे.

वाद पुढे भाषेवर गेला, आणि तेथे दप्तरदार पुन्हा तापले. प्राध्यापिका म्हणाली होती की तिच्या वर्गातील मोडी शिकण्यास सर्वांत उत्सुक मुले मराठी घरांतील नाहीत; भिंड-मुरैन्याची, हिंदी बोलणारी आहेत, आणि 'रवानगी', 'दस्तऐवज', 'तहसील', 'तनखा' हे शब्द त्यांना आपल्या शहरी मराठी मुलांपेक्षा लवकर कळतात.

"मग आमच्या घराण्याचे कागद भिंडच्या पोरांनी वाचायचे?"

"तंजावरात मोडीचे रुमाल आहेत ते तमिळ माणसे वाचतात. तुम्हांला त्यांचा राग येतो का? फाळक्यांचे खंड मराठीत निघाले, म्हणून ग्वाल्हेरातल्या दहा संशोधकांपैकी नऊ त्यांच्या वाटेला जात नाहीत. हरिहरनिवास द्विवेदींनी संस्थानातल्या कोरीव लेखांची यादी 1947 साली हिंदीत दिली, ती आज प्रत्येकाच्या टेबलावर असते. महादजींचा इतिहास मराठीत कोंडून ठेवला तर तो पुण्यातच राहील. ग्वाल्हेरला त्याचे फक्त नाव उरेल."

दप्तरदार यावर जे बोलले ते मी पूर्ण लिहीत नाही. सारांश असा की मराठी माणसानेच टाकलेले दुसऱ्या कोणी उचलले तर तो दुसऱ्याचा मोठेपणा, पण त्यात आपली शोभा होत नाही. हेही खरेच आहे. पण शोभेसाठी कागद थांबत नाहीत.

किल्ल्याविषयीही थोडे बोलणे झाले. मार्च 2024 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यांत महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी आहे, ग्वाल्हेर नाही. 2022 साली जयविलास प्रासादाच्या संग्रहालयात मराठ्यांच्या इतिहासाचे एक स्वतंत्र दालन उघडले. प्राध्यापिकेला या सर्वांत संधी दिसते: किल्ल्यावर वाटाड्या म्हणून पोट भरणारी तिचीच मुले आहेत, त्यांना तेली का मंदिराच्या बरोबरीने 1780 नंतरच्या किल्ल्याचीही हकीकत कागदाच्या आधारे सांगता आली पाहिजे. दप्तरदारांना त्यात केवळ देखावा दिसतो. "दालन बघणाऱ्यांसाठी असते," ते म्हणाले, "दप्तर वाचणाऱ्यांसाठी." मला वाटते, वाटाड्या हाही इतिहासाचा पदवीधरच, आणि दिवसाकाठी तो जितक्या माणसांशी इतिहास बोलतो तितक्यांशी कोणताही प्राध्यापक वर्षभरात बोलत नाही, त्याला माजी विद्यार्थ्यांच्या यादीत 'स्वयंरोजगार' या सदरात टाकून विसरून जाणे हा आपल्या विभागांचा आळस आहे.

संध्याकाळी वाद संपला, मिटला असे नव्हे. दप्तरदार दोन गोष्टींवर अडून राहिले: मूळ कागद घरातून हलता कामा नये, आणि ज्याने मोडीची सहा महिन्यांची बैठक पुरी केली नाही त्याच्या हाती रुमाल देऊ नये. पहिल्या अटीला प्राध्यापिकेची हरकत नव्हती. नकलेची आणि यादीची एक प्रत विभागाकडे, एक घराकडे, अशी तजवीज तिला पुरते. दुसरी अट तिला जाचक वाटली, आणि मलाही वाटते. माझ्या मते फोटो आधी काढावा आणि वाचन मागाहून होऊ द्यावे. वाचणाऱ्याची वाट पाहायला आता फार वाडे उरलेले नाहीत. मात्र त्यांच्या पहिल्या अटीत जो शहाणपणा आहे तो गोदामात जन्म काढलेल्या माणसाचा आहे, आणि तो डावलून कोणत्याही विद्यापीठाने कागद गोळा करू नयेत. रविवारी सकाळी मोडी शिकवायला बसेन, भिंडची मुले आली तरी चालतील, एवढे त्यांनी शेवटी तोंडातल्या तोंडात कबूल केले. सभासदत्वाचा अर्ज कोराच राहिला.

लष्कर सोडून पुण्या-मुंबईला, बंगळुरूला किंवा परदेशी गेलेल्या वाचकांना, मग त्यांची पदवी इतिहासाची असो वा नसो, माझी विनंती एवढीच आहे. वाडा विकण्याचा करार करण्यापूर्वी माळ्यावरची ट्रंक खाली उतरवा. रुमालाची गाठ सोडवण्याचा धीर होत नसेल तर सोडवू नका. बाहेरून एक फोटो काढा, घराण्याचे मूळ गाव, पूर्वजांचा हुद्दा आणि तुमचा सध्याचा पत्ता एका कागदावर लिहा, आणि ग्वाल्हेरात इतिहास शिकवणाऱ्या कोणाही अध्यापकाकडे पाठवा. त्याने उत्तर दिले नाही तर दुसऱ्याकडे पाठवा. तोवर रद्दीवाल्याला दारातूनच परतवून लावा.